पूर्ववत नको

भूकंप झाला, पूर आला, दरड कोसळली, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक शब्द छापून येतो. पूर्ववत. ‘जनजीवन पूर्ववत होत आहे.’ ‘परिस्थिती लवकरच पूर्ववत करू.’ मंत्री म्हणतो, कलेक्टर म्हणतो, पेपरवाला त्याचा मथळा करतो. वाचणाऱ्याला बरं वाटतं. माझ्या मात्र मस्तकात तिडीक जाते.

पूर्ववत म्हणजे पूर्वी होतं तसं. पूर्वी कसं होतं बाबांनो? पूर्वी आमची वस्ती गावाचं सांडपाणी जिकडं वाहतं तिकडं होती. पूर्वी आमच्या नावावर गुंठाभर रान नव्हतं. पूर्वी मेलेलं ढोर ओढायला आमच्याच दाराशी हाक यायची. हेच सगळं पुन्हा नीट, सिमेंटात, सरकारी खर्चानं बसवून देणार असाल तर त्याला पुनर्वसन म्हणू नका. डागडुजी म्हणा. जातीची डागडुजी.

हा लेख त्या एका शब्दाविरुद्ध आहे.

मी गोदीत काम करतो. ठेक्यावर. दहावी पास झालो आणि बापाच्या ओळखीनं मुकादमासमोर उभा राहिलो. कविताही करतो, पण त्याचं इथं काही नाही. गोदीत आकडा या शब्दाचे दोन अर्थ. एक आकडा लोखंडाचा, गोणीत रुतवायचा. दुसरा रजिस्टरातला. कंटेनर आले आणि पहिला आकडा आमच्या हातातून गेला. दुसरा तर आमच्या हातात कधी नव्हताच. तो कायम मोजणाऱ्याच्या हातात. आणि मोजणारा काय मोजतो, काय सोडतो, यावर माणसाचं मरण ठरतं. हे मला पुस्तकानं शिकवलं नाही, गोदीनं शिकवलं.

१४ एप्रिल १९४४ घ्या. त्या दिवशी बाबासाहेब ५३ वर्षांचे झाले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं त्यांच्याकडं होतं. आणि त्याच दुपारी इथं मुंबईत, व्हिक्टोरिया डॉकमध्ये, फोर्ट स्टायकिन नावाची बोट पेटली. बोटीच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि त्याच बोटीवर कापसाच्या गाठी. असा माल एकत्र भरणाऱ्याची अक्कल बघा. चारच्या सुमारास बोट फुटली. अर्ध्या तासानं पुन्हा फुटली. शेजारच्या बोटी, वखारी, वस्त्या, सगळं पेटलं. सुमारे ८०,००० माणसं बेघर झाली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान मेले. त्यांच्या आठवणीत आजही १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. पाळावाच. त्यांना माझा सलाम आहे.

पण पुढचं ऐका. त्या बोटीवर सोनंही होतं. सोन्याच्या विटा किती होत्या हे पक्कं माहीत आहे. १२४. एका पेटीत ४, अशा ३१ पेट्या. आणि माणसं किती मेली? कुणी ८०० सांगतो, कुणी १,३०० सांगतो. वीट हरवली तर मालक शोधत येतो. धक्क्यावरचा मजूर हरवला तर त्याची हजेरी फक्त मुकादमाच्या वहीत, आणि वही जळालेली. ८० वर्षं उलटून गेली, सोन्याचा आकडा पक्का आहे, माणसांचा कच्चा आहे. आपत्ती म्हणजे काय हे मला विचाराल तर मी एवढंच सांगेन.

गोदी मात्र पूर्ववत झाली. झपाट्यानं झाली. ८,००० माणसांनी सात महिने राबून सुमारे ५ लाख टन ढिगारा उपसला. महायुद्ध चालू होतं, साम्राज्याला बंदर हवं होतं. म्हणजे मनात आणलं तर सरकार किती पळू शकतं ते बघा. गरज कुणाची, यावर वेग ठरतो. त्या ८,००० माणसांचा दिवस कॅलेंडरात नाही.

आता गोदीतून मराठवाड्यात चला. कारण माझं मूळ तिथलं, आणि महाराष्ट्रात पुनर्वसनाचं एवढं मोठं काम त्याआधी झालं नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून गाव झोपलं होतं. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या पट्ट्यात जमीन हलली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा. जवळपास ८,००० माणसं गेली. त्यांना भूकंपापेक्षा घरांनी मारलं. दोन-दोन, अडीच-अडीच फुटी दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. जितका वाडा भक्कम तितका मेलेल्यांचा ढीग मोठा. कुडाचं, पत्र्याचं, पाचटाचं घर कलंडलं तरी आतला माणूस बऱ्याचदा जिवंत निघाला. आयुष्यात एकदा गरिबी कामाला आली.

ती पण फुकट नाही. पुढं पंचनामा होता.

माझी आजी त्या पट्ट्यातली. उमरगा तालुक्यातलं एक गाव. तिनं सांगितलेलं लिहितो. यादी करायला आलेला माणूस तिला विचारतो, ‘तुझं काय गेलं गं बाई?’

आजी म्हणाली, ‘सायेब, माजं काम गेलं की.’

‘काम म्हणजे?’

‘ज्याच्या रानात खुरपाया जात हुते तो मालकच दगडाखाली गेला. त्याची बायकू गेली, ल्योक गेला. आता मला कामाला कोन लावील?’

‘ते यादीत बसत नाही. घराचं बोल.’

‘घर वाकलंय.’

‘वाकलंय म्हणजे पडलं नाही,’ तो म्हणाला आणि पुढं गेला.

त्या माणसाला मी शिव्या देत नाही. त्याच्या हातात छापील फॉर्म होता. फॉर्मात भिंतीला रकाना होता, जनावराला रकाना होता, रानातल्या पिकाला रकाना होता. बुडालेल्या मजुरीला रकाना नव्हता. माझी शिवी फॉर्म छापणाऱ्याला आहे. ज्याच्याकडं काही नव्हतं त्याचं काही गेलं नाही, हे ज्या डोक्यातून निघालं त्या डोक्याला आहे.

मग १९९४ ला जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली. काम मोठं होतं, नाकारत नाही. हजारो घरं उभी राहिली, भूकंपाला टिकतील अशी. पण घर किती मोठं द्यायचं, हे कशावर ठरवलं ठाऊक आहे? घरात खाणारी तोंडं किती, यावर? नाही. मेले किती, उरले किती, यावर? नाही. जमीन किती, यावर. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट. १ ते ७ हेक्टरवाल्याला ४००. ७ हेक्टरच्या वरच्याला ७५०.

वाचलंत ना? पुन्हा वाचा. घराला सातबारा लावला.

सात माणसांचं भूमिहीन कुटुंब २५० फुटांत कोंबलं आणि चार माणसांच्या बागायतदाराला त्याच्या तिप्पट दिलं. वर सांगतात, शेतकऱ्याला धान्य ठेवायला, बैल बांधायला, अवजारं ठेवायला जागा लागते. लागते ना, मान्य. मग त्याला गोठा द्या, कोठार द्या. माणसानं पाठ टेकायच्या जागेला हेक्टर कशाला लावता? बाळंतीण झाकायला किती फूट लागतात, म्हाताऱ्यानं खोकत पडायला किती लागतात, पोरानं दिव्याखाली पुस्तक उघडायला किती लागतात, हे सातबाऱ्यात कुठं लिहिलंय?

आणि जमीन आमच्याकडं का नाही, हे या सरकारला ठाऊक नव्हतं असं म्हणता? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला भूमिहीनांचा सत्याग्रह याच मराठवाड्यात आणि खानदेशात केला. १९६४ ला देशभर केला, लाखोंनी माणसं तुरुंगात गेली. मागणी काय होती? पडीक द्या, गायरान द्या. ती जमीन दिली नाहीत. आणि भूकंप झाल्यावर म्हणता, जमीन नाही म्हणून घर लहान. आधी बाकी ठेवायची आणि मग त्या बाकीवरच व्याज लावायचं! सावकारसुद्धा इतका निर्लज्ज नसतो.

नव्या गावांत आणखी एक गंमत झाली. कैक ठिकाणी सारख्या मापाची घरं एका जागी आखली. इंजिनिअरला सोपं पडतं. २५० वाल्यांच्या ओळी एकीकडं, ७५० वाल्यांच्या दुसरीकडं. नकाशावर जातीचं नाव कुठंच नाही. पण २५० फुटांच्या ओळीत कोण राहायला गेलं असेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. जुना महारवाडा पाडायला भूकंप लागला, नवा बांधायला एक पट्टी आणि पेन्सिल पुरली. तीन-साडेतीन महिन्यांनी, १४ जानेवारी १९९४ ला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. १९७८ च्या ठरावानंतर ज्या नावासाठी आमची घरं जाळली, ते नाव पाटीवर आलं. आणि त्याच मराठवाड्यात घराचं माप सातबारा ठरवत होता. पाटी बदलली, फॉर्म तोच राहिला.

पांढरपेशे मित्र मला म्हणतात, ‘अरे, संकटात तरी जात काढू नकोस. निसर्ग जात बघत नाही.’ खरं आहे, निसर्ग बघत नाही. निसर्गाला जात कळत नाही म्हणूनच तो एका रात्रीत पाटील आणि मांग एकाच उघड्या मैदानात आणून बसवतो. दुसऱ्या दिवशी त्यांना वेगळं करायला माणसं येतात. पाण्याच्या टँकरपाशी करतात, जेवणाच्या पंगतीत करतात, यादीत करतात. जात मी काढत नाही. ती तंबूत आधीच येऊन बसलेली असते, मी फक्त तिचं नाव घेतो. नाव घेतलं की यांना घाण वाटते.

हे एकट्या मराठवाड्याचं दुखणं नाही. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला. तिथले निवारे जातवार पडले. दलित आणि मुसलमान वस्त्यांना तंबू, पाणी, वीज देताना हात आखडला. ह्यूमन राइट्स वॉचनं ते त्याच वर्षी नोंदवलं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. तामिळनाडूत सगळ्यात जास्त माणसं नागपट्टिनमला गेली. तिथं मोजमाप बोटीवर ठरलं. बोट कुणाची? मालकाची. त्या बोटीवर मजुरी करणारा, मासळी डोक्यावर वाहणारी, मिठागरात राबणारा, हे दलित बोटीचे मालक नव्हते. त्यांचं नुकसान कागदावर फार उशिरा उमटलं, कैकांचं उमटलंच नाही. सामायिक निवाऱ्यांतून त्यांना हुसकलं गेलं. पण कुजलेली प्रेतं उचलायची वेळ आली तेव्हा दुसऱ्या शहरांतल्या नगरपालिकांचे सफाई कामगार गाडीत घालून आणले. ते कोण होते? तेच, आपले. पंगतीत नको, प्रेतापाशी हवे. हा देश संकटातसुद्धा आपली परंपरा विसरत नाही, खरंच कौतुक करायला पाहिजे!

मराठवाड्यात सातबारा, नागपट्टिनमला बोट. सूत्र एकच. मालकी असेल तर तुझं नुकसान, मालकी नसेल तर तुझं नशीब.

कुणी म्हणेल हे सगळं जुनं झालं. बरं, नवं घ्या. सप्टेंबर २०२५ ला मराठवाडा पाण्याखाली गेला. रानातली माती वाहून गेली, सोयाबीन कुजलं. ७ ऑक्टोबर २०२५ ला सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. शेतकरी बुडाला होता, त्याला द्यायलाच पाहिजे. तो आमचा वैरी नाही, त्यातला लहान शेतकरी तर आमच्यासारखाच फाटका आहे. पण पिकाची मदत कशावर मोजली? कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००, वर रब्बीसाठी हेक्टरी १०,०००. सगळा हिशेब हेक्टरावर. आता सोयाबीन काढायला जाणाऱ्या बाईचे हेक्टर किती? बटईनं रान करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर कुठं? तीस-चाळीस वर्षं गायरान कसणाऱ्याचं पीक वाहून गेलं, पण जमीन त्याच्या नावावर नाही, म्हणजे पीकच नव्हतं असं समजायचं? किल्लारीला ३२ वर्षं झाली होती. फॉर्मचा कागद गुळगुळीत झाला, संगणकात गेला, रकाने मात्र तेच.

आता शहरातल्या मदतवाल्यांकडं वळतो. त्यात चांगली माणसं असतात. ढिगाऱ्यात हात घालून प्रेतं काढणारे असतात, रात्रंदिवस सलाईन लावणारे डॉक्टर असतात. त्यांच्या पाया पडावं. माझा राग दुसऱ्यांवर आहे. फाटक्या साड्या, एका पायाचे बूट आणि नको झालेली स्वेटरं ट्रकात भरून, पुढं फलक बांधून जाणाऱ्यांवर. पूरग्रस्तांसाठी कविसंमेलन भरवून ‘अश्रूंचा महापूर’ आणणाऱ्या आमच्या कविबंधूंवर. मदत देताना फोटोसाठी म्हातारीची हनुवटी वर उचलणाऱ्यांवर. आणि आपल्यातल्या त्या पुढाऱ्यांवर, जे निळा गमछा टाकून वस्तीत जातात, चहा पितात, निवेदन देतात, आणि यादीत कुणाची नावं गाळली हे न विचारता परत फिरतात. साल्यांनो, निवेदनाची पोच घेऊन काय पुनर्वसन होतं?

मग काय, मदत नाकारायची? मुळीच नाही. ती कुणाच्या खिशातून येते? काडेपेटीपासून पत्र्यापर्यंत प्रत्येक वस्तूवर आपण कर भरतो. घ्यायची, ताठ मानेनं घ्यायची. पण ती मोजण्याचं माप आपण बदलून घ्यायचं. खरी लढाई तिथं आहे.

आणि हे होऊ शकतं. किल्लारीच्याच कार्यक्रमात, जिथं गावं हलवायची नव्हती, घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती, तिथं स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. पैसा कसा येतो, भिंत कशी बांधायची, इंजिनिअरला काय विचारायचं, हे त्या शिकल्या आणि दुसरीला शिकवलं. २००१ ला त्यांच्यातल्या बायका कच्छला मदतीला गेल्या. ज्यांना ‘आपद्ग्रस्त’ म्हणून रांगेत उभं केलं होतं, त्या दुसऱ्यांना उभं करायला गेल्या. जिथं माणसाच्या हातात वही आली, तिथं त्याचा माणूस झाला. म्हणून म्हणतो, वही हातात घ्या.

आपल्या छावणीतल्या पोरांनी पुढच्या वेळी काय करायचं ते लिहितो. पुढची वेळ येणारच आहे. पाऊस आता पूर्वीसारखा पडत नाही, आणि आपल्या वस्त्या अजून ओढ्याकाठीच आहेत.

एक. ट्रकच्या आधी वही घेऊन जा. मदतीचं सामान उतरायच्या आत वस्तीतल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहा. भाडेकरूचं, विधवेचं, ऊसतोडीला बाहेर गेलेल्याचं. फोटो काढायचा तर वाकलेल्या भिंतीचा काढा, म्हातारीचा नको.

दोन. सरकारी यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचून घ्या. देत नाहीत म्हणाले तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे, अर्ज टाका. गाळलेलं नाव तिथल्या तिथं घाला म्हणा.

तीन. बुडालेली मजुरी हे नुकसान आहे, हे लिहून द्या. खुरपणीची, काढणीची, विटभट्टीची, हमालीची. किती दिवस, काय दर. रकाना नसेल तर समासात लिहा. समास भरला की रकाना छापावा लागतो.

चार. घर माणसांवर मोजा, हेक्टरावर नाही. आणि ते नवराबायको दोघांच्या नावावर करा.

पाच. नव्या गावाचा नकाशा आधी वस्तीसमोर अंथरा. आपली ओळ सखल बाजूला, गटाराच्या तोंडाला, नळाच्या शेवटच्या टोकाला असेल तर एक वीटही लावू देऊ नका.

सहा. प्रेत, मेलेलं जनावर, गाळ उपसायचं काम जातीवर वाटलं तर कामाला हात लावू नका. हातमोजे, बूट, मशीन आणि पूर्ण मजुरी घेऊन जो येईल तो करील, मग तो कुणीही असो.

सात. कलम पाठ करा. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५, कलम ६१. मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, जमात, वंश, धर्म यांवरून भेदभाव करायचा नाही. पार्लमेंटनं केलेला कायदा आहे, आपली घोषणा नाही. तहसीलदाराच्या टेबलावर हात ठेवून हे कलम म्हणून दाखवा. बहुतेकांनी ते ऐकलेलं नसतं.

हे सात मुद्दे क्रांती नाहीत, मलाही कळतं. जमीन वाटली गेल्याशिवाय फॉर्मातला हा खोटेपणा मुळातून जाणार नाही. पण गोदीत एक कळलं. बोट एका दिवसात रिकामी होत नाही. गोणीमागं गोणी उतरवावी लागते, आणि प्रत्येक गोणीचा आकडा आपल्याही वहीत असावा लागतो. नाहीतर शेवटी मुकादम सांगेल तेवढीच मजुरी.

माझी आजी गेल्या साली वारली. २५० फुटांच्या घरात. त्या घरात कधी नऊ, कधी अकरा माणसं राहिली. माझा बाप तिथं जागा पुरेना म्हणून मुंबईला आला, म्हणून मी गोदीत. सरकारी कागदावर आमचं कुटुंब ‘पुनर्वसित’ आहे.

तर मंत्रीसाहेब, कलेक्टरसाहेब, पुढच्या वेळी माइक हातात घेतलात की तो शब्द गिळा. आम्हाला पूर्ववत करू नका. पूर्वी काय होतं ते आम्हाला पाठ आहे. आता काय पाहिजे ते वहीत लिहून आणलंय, ते वाचा.

जय भीम.